तो सोबत आहे, मग जाणवत का नाही?

जय ख्रिस्त, ताई.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही सोलापूरच्या, आई कर्करोगाने गेली त्याला सात महिने झाले. शेवटचं वर्षभर तुम्हीच तिचं सगळं केलंत आणि रोज तिच्या उशाशी बसून प्रार्थना केलीत. आता प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. उपासनेत ‘प्रभू जिवंत आहे, तो आपल्यामध्ये आहे’ असं सगळे म्हणतात तेव्हा तुमचे ओठ हलतात, पण आत काहीच हलत नाही. त्यातच कोणीतरी तुम्हाला ऐकवलं, की विश्वास कमी पडला म्हणून आई वाचली नाही. शेवटी तुम्ही विचारलंय: येशू आज खरंच माझ्यासोबत आहे का? असेल तर मला जाणवत का नाही?

मी एकतीस वर्षं पाळक म्हणून काम केलं. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, नंतरची अकरा वर्षं एका मिशन दवाखान्यात. हा प्रश्न मला वेदीजवळ फार कमी वेळा ऐकू आला. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मात्र पुष्कळदा आला, बहुतेक वेळा रात्री आणि अगदी हळू आवाजात. विचारणारे लोक अविश्वासू नव्हते, उलट वर्षानुवर्षं मनापासून प्रार्थना करणारे होते.

आधी ते विश्वास कमी पडल्याचं. ज्याने कोणी हे म्हटलं असेल त्याला शास्त्राचा आधार नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे कसलीतरी पीडा, जावी म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळालं. त्याचा सोबती त्रफिम आजारी पडला, तर पौलाला त्याला मिलेत शहरात आजारीच ठेवून पुढे जावं लागलं. तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं. यांपैकी कोणाचा विश्वास कमी होता असं पौल कुठेही म्हणत नाही. मुलंबाळं आणि सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून काढल्या, तोवर सगळं बरोबर चाललं होतं. तोंड उघडून ते कारणं सांगू लागले तेव्हा बिघडलं. तुम्हाला ऐकवणारी व्यक्ती तिथेच चुकली. ते वाक्य मनातून काढून टाका, त्याचं ओझं तुमचं नाही.

आता थोडं परिस्थितीबद्दल, कारण तुम्हाला समोर बसवून मी हेच आधी विचारलं असतं. रात्री झोप लागते का? जेवण जातं का? फक्त प्रार्थनाच कोरडी झाली आहे, की पूर्वी आवडायच्या त्या सगळ्याच गोष्टी बेचव झाल्या आहेत? स्वयंपाक, मैत्रिणी, शेजारचं लहान मूल, सगळंच? तसं असेल तर आधी चांगल्या डॉक्टरांना भेटा. वर्षभर जागरणं, मग मृत्यू, मग पाहुण्यांची रीघ आणि त्यानंतरची शांतता. एवढ्यातून गेलेलं शरीर थकलेलं असतं, मनही आजारी पडतं, आणि त्याला औषध आहे. ते घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं नव्हे. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली पडून ‘आता पुरे, मला मरण दे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं त्यानंतर, खूप चालून गेल्यावर. दवाखान्यात मी हा क्रम पाठ केला होता. कोणी रडत आलं की पहिला प्रश्न ‘जेवलात का?’

पण समजा झोप ठीक आहे, भूक ठीक आहे आणि तरी प्रार्थना भिंतीला लागून परत येते. मग खरा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो ‘येशू आहे का’ हा नाही. प्रश्न असा आहे, की आपण त्याच्या असण्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या जाणवण्याकडे पाहतो. इतर वेळी हे ध्यानात येत नाही, कारण जाणवत असतं. जाणवणं थांबलं की दोन्ही एकदम गेल्यासारखं वाटतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान उघडा. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर जातात, उठलेल्या प्रभूला पाहतात आणि नमन करतात. आणि तिथेच मत्तय लिहून ठेवतो, की कित्येकांना संशय वाटला. डोळ्यांसमोर तो उभा असताना! मी कितीतरी वर्षं हे वाक्य वाचून पुढे जात होतो. मग एकदा लक्षात आलं, की येशू त्या संशय वाटणाऱ्यांना बाजूला काढत नाही. ‘ज्यांना खात्री आहे त्यांनी इकडे या’ असं म्हणत नाही. सगळ्यांना एकच वचन देतो: ‘पाहा, युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे.’ आपल्या मराठी शास्त्रात ‘सर्व दिवस’ असे शब्द आहेत आणि मूळ ग्रीकमध्येही अगदी तसेच आहेत. ‘सदैव’ म्हटलं की ते दूर कुठेतरी राहतं. ‘सर्व दिवस’ म्हटलं की त्यात मंगळवार येतो, आईचे रिपोर्ट आले तो दिवस येतो, आणि ज्या दिवशी काहीच वाटलं नाही तोही येतो. हे वचन त्याच्या तोंडचं आहे, आपल्या अंतःकरणाच्या अवस्थेवर ते टांगलेलं नाही.

‘हे ठीक, पण सोबत आहे म्हणजे नेमकं कसा आहे?’ असं तुम्ही विचाराल, आणि विचारावंच. त्याचं स्वर्गारोहण झालं, तो देहाने आपल्यात नाही, हे आपण मानतो. निरोप घेताना तो म्हणाला की मी तुम्हाला अनाथ सोडणार नाही, दुसरा कैवारी येईल. ‘कैवारी’ हा शब्द मला फार आवडतो. गावात भांडण झालं आणि एखाद्या गरिबाच्या बाजूने कोणी उभं राहिलं, की आपण म्हणतो त्याने त्याचा कैवार घेतला. कैवार घेणारा प्रत्येक वेळी शेजारी बसून गोड बोलतोच असं नाही. कधी तो तुमच्या नकळत तुमच्यासाठी कचेरीत खेटे घालत असतो.

यावरून एक प्रसंग सांगतो. मी पाळक होऊन सहा वर्षं झाली होती तेव्हा माझा धाकटा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्यानंतर साधारण वर्षभर माझी अवस्था अगदी तुमच्यासारखी होती. दर रविवारी उपदेश करत होतो, बाप्तिस्मे देत होतो, प्रेतक्रिया करत होतो आणि आत सगळं कोरडं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती. त्या मंडळीत एक म्हातारी विधवा होती, अक्षरओळख नसलेली. ती आजारी आहे असं कळलं म्हणून दिवेलागणीला तिच्या खोलीवर गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. समोर दोन जर्मनच्या ताटल्या, एकीत तुरीचे दाणे. ती एक दाणा उचलायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची आणि दुसऱ्या ताटलीत टाकायची. मी दारातच थांबलो. तिचं संपल्यावर विचारलं, ‘आजी, हे काय?’ म्हणाली, ‘मला लिहिता येत नाही ना. एकेक दाणा म्हणजे एकेक माणूस. न्हाई तर कोणीतरी राहून जातं.’ मग ताटलीत बोट फिरवून तिने एक काळपट ठिपका असलेला दाणा वर काढला. ‘ह्यो तुमचा, पाळकसाहेब. तुम्ही आलात तवापासून हाय.’

त्या वर्षभरात एकाही संध्याकाळी मला काही जाणवलं नव्हतं. पण एकही संध्याकाळ माझं नाव घेतल्याशिवाय गेली नव्हती.

घरी येताना मला इब्री लोकांस पत्रातलं ते वाक्य आठवलं, की ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. तोवर ते माझ्यासाठी परीक्षेतलं उत्तर होतं. निर्गमाच्या पुस्तकात महायाजकाच्या ऊरपटाचं, म्हणजे छातीवर बांधायच्या पट्टाचं, वर्णन येतं: बारा रत्नं आणि प्रत्येकावर एकेका वंशाचं नाव कोरलेलं. पवित्रस्थानात जाताना महायाजक अहरोनाने ती नावं आपल्या हृदयावर बाळगून आत जायचं. ज्याचं नाव कोरलेलं आहे तो त्या वेळी शेतात असेल, झोपलेला असेल, रुसलेला असेल. नाव मात्र आत पोचतंच. ख्रिस्त आज काय करतो असं मला कोणी विचारलं, तर मी पहिल्यांदा हेच सांगतो. तो आपली नावं घेऊन आत उभा आहे, आणि आपली प्रार्थना बंद पडली म्हणून त्याची बंद पडत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या काळजीची. ती आपल्यापर्यंत कशी पोचते हे ओळखायला मला बराच काळ लागला. पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र, शेवटचा अध्याय काढा. पौल रोममध्ये कैदेत आहे आणि मरण जवळ आलंय हे त्याला ठाऊक आहे. तो लिहितो की माझ्या पहिल्या जबाबाच्या वेळी माझ्या बाजूला कोणी नव्हतं, सगळ्यांनी मला सोडलं, तरी ‘प्रभू माझ्याजवळ उभा राहिला’. ख्रिस्ताच्या सोबतीची याहून स्पष्ट साक्ष शास्त्रात शोधायला जाऊ नये. पण त्याच पानावर, अगदी काही ओळी वर, तो काय मागतो पाहा. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. देमास मला सोडून गेला, आता फक्त लूक जवळ आहे, तू लवकर ये. आणि थोडं खाली पुन्हा: हिवाळ्याच्या आधी येण्याचा प्रयत्न कर.

प्रभू जवळ उभा आहे, आणि तरी त्याला थंडी वाजते. प्रभू जवळ आहे, आणि तरी त्याला तीमथ्य हवा आहे. यात पौलाला कुठे विसंगती वाटत नाही. आपणच अशी समजूत करून घेतली आहे, की प्रभू सोबत असेल तर झगा लागणार नाही, माणूस लागणार नाही, रडू येणार नाही. माझा अनुभव उलटा आहे. त्याची काळजी बहुतेक वेळा झग्याच्या रूपानेच येते. दिमिष्काच्या वाटेवर शौलाला, म्हणजे याच पौलाला, प्रत्यक्ष प्रकाश दिसला, वाणी ऐकू आली, पण त्या प्रकाशाने गेलेली दृष्टी परत यायला प्रभूने हनन्या नावाचा एक घाबरलेला माणूस पाठवला. त्याने हात ठेवला आणि ‘शौल भाऊ’ म्हणून हाक मारली. ज्याला दर्शन झालं त्यालाही शेवटी माणसाचा हात लागला. आणि त्याच वाटेवर प्रभूने काय विचारलं होतं? ‘माझा छळ का करतोस?’ शौल छळत होता तो मंडळीतल्या माणसांना. येशू म्हणतो, ‘मला’. त्यांना झालेलं दुखणं तो स्वतःचं म्हणतो.

म्हणून ताई, एक विचारतो. गेल्या वर्षभरात तुमच्या दाराशी कोण आलं? डबा कोणी दिला, रात्री दवाखान्यात तुमच्या जागी कोण बसलं, रिक्षा कोणी आणली? ही माणसं आठवून पाहा. हा काही मनाची समजूत घालायचा उपाय नाही. ख्रिस्ताचं शरीर म्हणजे मंडळी असं आपण म्हणतो ते खरं असेल, तर ते हात कोणाचे होते हा प्रश्न गंभीरपणे विचारायला हवा. आणि कोणीच आलं नसेल, तर ती आमची, मंडळीची चूक आहे. ती प्रभूच्या किंवा तुमच्या खात्यावर मांडू नका.

तुम्ही कोणत्या मंडळीच्या हे लिहिलेलं नाही, त्यामुळे प्रभुभोजनाबद्दल जपून लिहितो. वसईकडचे आपले कॅथॉलिक बांधव मिस्सामध्ये भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात असं मानतात. आमच्या परंपरेत तो आत्म्याने तिथे उपस्थित असतो असं शिकवतात, आणि काही मंडळ्यांत ते केवळ स्मरण मानलं जातं. या वादात इथे शिरत नाही. दवाखान्यात जे पाहिलं तेवढं सांगतो.

एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते. घशाचा कर्करोग, गिळता येत नव्हतं, आवाज गेला होता. वहीवर लिहून बोलायचे. त्यांनी प्रभुभोजन मागितलं. मी भाकरीचा कण, अगदी मोहरीएवढा, प्याल्यात बुडवला आणि त्यांच्या खालच्या ओठावर ठेवला. सिस्टरने ओल्या फडक्याने हनुवटी टिपली. ते बराच वेळ डोळे मिटून पडून होते. मला वाटलं, त्यांना खूप काही अनुभव येत असणार. मग त्यांनी वही मागितली आणि वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘वाटलं काही नाही. पण मिळालं.’

प्रभूच्या सोबतीबद्दल पुष्कळ उपदेश ऐकले आणि दिले, पण त्या दोन वाक्यांपलीकडे मी अजून गेलेलो नाही. वाटणं आपल्या हातात नसतं. घेणं असतं. भाकर पुढे केली जाते, हात पुढे करायचा. सलाईनमधून औषध चढताना रोग्याला त्याची चव लागत नाही, म्हणून ते चढत नाही असं होत नाही.

ज्यांना जाणवतं त्यांच्याबद्दलही बोलायला हवं, कारण त्यांच्या साक्षी ऐकून तुम्हाला आणखी एकटं वाटत असणार. त्या साक्षी खोट्या नाहीत. मलाही काही वेळा त्याची जवळीक इतकी स्पष्ट जाणवली आहे, की त्याबद्दल बोलायचं धाडस होत नाही. पण सगळ्यांना सारखं मिळत नाही आणि एकाच माणसाला सर्व काळ सारखं मिळत नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितलं, की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि ते उमगायला आठेक वर्षं गेली. केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात दुष्काळातल्या मुलींना पोटाशी धरणारी ही बाई. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली, आणि त्या दुःखातही त्या मराठी शास्त्राच्या भाषांतरावर काम करत राहिल्या. कोलकात्याच्या मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांना धक्का बसला. कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता. रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाला त्या उचलत होत्या ते त्याच अंधारात.

आणि तुमचा राग? तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण शब्दांमागे मला थोडा जाणवला. असू द्या. लाजर मेल्यावर मार्था येशूला म्हणते, ‘प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.’ थोड्या वेळाने मरीया येते आणि शब्दाला शब्द तेच म्हणते. दोघी बहिणी चार दिवस घरात बसून हेच बोलत असणार. दोघींची तक्रार एक, पण येशू मार्थेशी बोलतो, पुनरुत्थानाबद्दल सांगतो, आणि मरीयेपाशी फक्त रडतो. दोघींपैकी कोणालाही ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. कोणाला काय लागतं ते तो पाहतो. तुम्हाला आत्ता उत्तर हवंय की कोणी सोबत रडायला हवंय, हे मला इथून कळणार नाही. तुम्हालाही कदाचित रोज वेगळं वाटेल. पण ती तक्रार त्याच्याकडेच करा. त्या दोघींनी पाठ फिरवून केली नाही, समोर येऊन केली, आणि मी तिला प्रार्थनाच म्हणतो. स्तोत्र ८८ काढून वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी कुठलाही उजेड नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्यासारख्यांच्या तोंडी असावं म्हणूनच ते ठेवलं गेलं असं मला वाटतं.

आता काय करायचं, तर थोडंच. मोठी, स्वतःच्या शब्दांतली प्रार्थना सध्या सोडून द्या. सकाळी एकदा आणि रात्री एकदा प्रभूची प्रार्थना म्हणा, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही. तिच्यात ‘माझ्या’ हा शब्द नाही, सगळीकडे ‘आमच्या’, ‘आम्हांला’ आहे. तुमचा आवाज बसला तरी बाकीच्यांचा चालू असतो. रविवारी जा, मागच्या बाकावर बसा, गाता आलं नाही तर ऐका. प्रभुभोजन घ्या. मंडळीतल्या एका, फक्त एकाच माणसाला खरं सांगा, की मला सध्या प्रार्थना करता येत नाही, माझ्या वतीने तुम्ही करा. पक्षाघाताच्या माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं लिहिलंय. कधी कधी आपण खाटेवर असतो आणि विश्वास खाट उचलणाऱ्यांचा असतो. तसा माणूस निवडताना लगेच कारणं सांगू लागणारा निवडू नका, ऐकून गप्प बसणारा निवडा.

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आपल्या स्मरणदिनाला, अजून पाच महिने आहेत. तो दिवस जड जाईल. पाळकांना आताच सांगून ठेवा आणि त्या दिवशी घरी प्रार्थना ठेवा. चार माणसं आली तरी पुरे.

ती आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला लिहिता येतं, त्यामुळे माझ्याकडे तुरीच्या दाण्यांऐवजी एक वही आहे. दिवेलागणीला ती उघडतो. तुम्ही तुमचं नाव सांगितलेलं नाही, म्हणून कालच्या पानावर ‘सोलापूरची ताई, आणि तिची आई’ असं लिहिलं आहे.